पहिली बारी

चहाचा कप तोंडाला लावणार, तेवढ्यात नूतनचा फोन थरथरला. कुणा परक्या माणसाचा निरोप होता, कुठल्या देशातला ते नावावरून कळत नव्हतं. "तुमची कालची कच्ची आवृत्ती चालवून पाहिली. बीज म्हणून लहान आकडा दिला की पहिला निकाल दर वेळी शून्याला चिकटून येतोय. मोठा आकडा दिला की तसं होत नाही. माझंच काही चुकत असेल तर माफ करा." बस, एवढंच. बिचारा माफी मागत होता. त्याचं काही चुकलेलं नव्हतं. आतल्या खोलीत भांडं पडलं की नुसत्या आवाजावरून कुठलं पडलं ते घरच्या बाईला कळतं, तसं तिला वाचता वाचताच कळलं होतं, कुठल्या ओळीत आपण काय करून ठेवलंय ते. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी पुण्याच्या फ्लॅटमध्ये बसून तिनं बीज, म्हणजे सुरुवातीला द्यायचा आकडा, ढवळण्याची जुनी रीत काढून नवी, झटपट चालणारी घातली होती. लहान बीज त्या नव्या रीतीत नीट ढवळलंच जात नसणार. कप तसाच हातात राहिला. बाहेर देवळावरचा कर्णा यात्रेला आलेल्या गाडामालकांची नावं पुकारत होता, चुलीपाशी आई, सोनीबाई, पुरण वाटत होती, आणि अंगणापलीकडे गोठ्यात तिचे वडील, नाना, बैलाच्या अंगावर पाणी ओतत होते. आजच्या बैलगाडा शर्यतीतली पहिली बारी, गाडा पळवायची पहिली पाळी, नानांची होती. ती काल नूतनच्या त्याच लायब्ररीनं, आकडे काढून देणाऱ्या तिच्या प्रोग्रॅमनं, काढली होती, आणि काल बीज म्हणून दिलेला आकडा होता एकशे एक.

तिचं काम हे असं आहे. ती आकडे बनवते. कुणालाही आधी ओळखता येऊ नयेत, कुणाच्या बाजूचे नसावेत, असे आकडे. दिवसभर कंपनीत दुसरंच काहीतरी करायचं, आणि उरलेल्या वेळात ही लायब्ररी सांभाळायची. फुकट. जगात कुठं कुठं लोक ती उचलून आपल्या प्रोग्रॅममध्ये घालतात, कुणी औषधाच्या चाचणीत रोगी वाटून घ्यायला, कुणी पोरांच्या खेळातले फासे टाकायला. जुनी आवृत्ती कित्येक वर्षं वापरून गुळगुळीत झालेली होती. नवी तिनं यात्रेसाठी माहेरी आल्यावर काल दुपारी, माडीवरच्या खोलीत पंख्याखाली बसून, जगापुढे टाकली. टाकताना वर ठसठशीत लिहिलं : प्रीव्ह्यू आहे. अस्थिर आहे. यावर महत्त्वाचं काही अवलंबून ठेवू नका. या धंद्यात लाज अशी नसतेच. अर्धकच्चं चव्हाट्यावर मांडायचं, आणि चार अनोळखी माणसांनी येऊन हे मोडतंय, ते गळतंय म्हणून सांगायचं, मग आपण "आभारी आहे" म्हणून दुरुस्त करायचं. बटण दाबून ती पाणी प्यायला उठली, तर दारात नाना उभे.

नाना माडी कधी चढत नसत. गुडघ्यांचं कारण होतं, पण गुडघे दुखायच्या आधीही चढत नसत. ते तिच्या कामाला तिचं काम म्हणूनच ठेवून होते, लांब. लग्नाकार्यात कुणी विचारलं की "पोरगी कंपनीत हाये" एवढं सांगत आणि लगेच पावसापाण्यावर येत. काल ते उंबऱ्यात उभं राहून टोपी काढून म्हणाले, "झालं व्हय तुजं ते आकड्यांचं? दादाभाऊ इचारतोय."

दादाभाऊ म्हणजे यात्रा कमिटीचा म्होरक्या. मागच्या वर्षी बाऱ्यांच्या चिठ्ठ्या काढताना एका चिठ्ठीचा कोपरा दुमडलेला सापडला होता आणि घाटात, शर्यतीच्या चढावर, माणसं एकमेकांच्या अंगावर धावून गेली होती. म्हणून या वर्षी कंप्युटरवर बाऱ्या काढायच्या, आणि गावचीच लेक ते करती म्हटल्यावर बाहेर कशाला जायचं, असं कमिटीत ठरलं होतं. नूतन हो म्हणाली होती, पण तिच्या मनात जुनी आवृत्ती होती.

"नवं आजच बाहेर काढलंय," ती म्हणाली. "पण देवळात जुनंच वापरू, नाना. ते पक्कं आहे."

"नवं अजून कुनी वापारलं न्हाई?"

"नाही. तेच तर म्हणते."

"मग पयलं देवाला," नाना म्हणाले. जणू विषय संपला. आणि ती काही बोलायला गेली तर त्यांनी हात वर केला. "जुनं, जगानं वापारल्यालं देवाम्होरं ठेवत्यात व्हय गं? तुला कळाया पायजे."

तिला कळत होतं, तीच तर पंचाईत होती. या घरात गाय व्याली की पहिला चीक देवळात जायचा, घरातली पोरं जिभल्या चाटत बसायची. टोमॅटोचं पहिलं क्रेट नारायणगावच्या बाजारात जायच्या आधी देवळाच्या पायरीवर उतरायचं, मग त्यातला निम्मा माल हिरवा का असेना. कच्चं, आंबट, पोचट, काहीही असलं तरी पहिलं त्याचं. त्यात पारख नव्हती, विश्वास होता. आणि प्रीव्ह्यू या शब्दाचा अर्थ त्या विश्वासाला कसा समजावून सांगायचा? हे पहिलं आहे म्हणूनच भरवशाचं नाही, हे त्या माणसाला सांगायचं, ज्याच्या लेखी पहिलं आहे म्हणूनच ते देवाजोगं? तिनं तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. पण नाना जिना उतरता उतरता खाली कुणाला तरी मोठ्यानं सांगत होते, "व्हय, व्हय, नवीनच. हिनंच केलंय की!" इतक्या वर्षांत "कंपनीत हाये"चं "हिनं केलंय" झालं, ते काल. आणि ते ऐकून ती, चांगली केस पांढरे व्हायला लागलेली बाई, माडीवर उभ्या उभ्या रडकुंडीला आली आणि गप्प बसली. काय बिघडणार आहे, असं म्हणाली मनाशी. आपणच केलंय की.

संध्याकाळी देवळाच्या भिंतीवर पांढरा पडदा बांधला होता. माणसं नुसती कोंबून बसली होती. दादाभाऊनं गाड्यांची नावं भरायला घेतली आणि कुणी न सांगता पहिलं नाव नानांचं घातलं. लेक आपली एवढं करतीये, मग बापाचं नाव मधे कुठंतरी घालायचं म्हणजे शोभतं का. नूतननं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आता एक आकडा द्या. त्याला बीज म्हणतात. त्यातून पुढचं सगळं निघतं."

"बी व्हय? मग चांगलं निवडून घ्या राव," कुणीतरी ओरडलं आणि हशा झाला. आणि मग चहूकडून एकच आकडा आला, एकशे एक. दुसरा येणारच नव्हता. देवाला वर्गणी एकशे एक, नवस एकशे एक, नारळ एकशे एक. गाडीच्या नंबरसारखा लांबलचक, भलताच आकडा देवापुढं कोण उच्चारील? नूतननं एकशे एक टाकलं. पडद्यावर पहिलं नाव उमटलं, कुशाबा भागूजी, म्हणजे नाना. पहिली बारी! मग बाकीची नावं आली, पण ती कोण वाचतंय. भंडारा उधळला गेला, नानांना कुणीतरी उचललं. तिला त्या वेळी काहीसुद्धा वाटलं नाही. कोणीतरी पहिलं येणारच होतं. उलट तिलाही बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की आता त्याचीच शरम वाटत होती.

कारण नानांना ती बारी हवी होती, आणि का हवी होती ते सगळ्या गावाला माहीत होतं. त्यांचा चिमण्या म्हातारा झाला होता. बैलगाडा शर्यतींवर बंदी होती त्या वर्षांत त्यांनी तो खोंड असल्यापासून वाढवला. शेजारीपाजारी बैल विकून मोकळे झाले, कोर्टात काय व्हायचं ते होईल म्हणाले, पण नाना मात्र रोज पहाटे चिमण्याला घेऊन रिकाम्या घाटात जायचे. गाडा नाही, पुढं पळणारी घोडी नाही, माणूस नाही. नुसता तो चढ बैलाला दाखवून आणायचे. नूतन सुट्टीला आली असताना एकदा मागोमाग गेली होती. धुक्यात नाना निशाणापाशी उभे होते आणि बैलाच्या कानात काहीतरी सांगत होते, आणि तिला वाटलं होतं, आपल्याशी हा माणूस एवढं कधी बोलला नाही. बंदी उठल्यावर चिमण्या धावला, चांगला धावला, पण वय कुणाला चुकलंय. आता गाड्याला लागणाऱ्या चारांतले बाकीचे तीन बैल दुसऱ्यांचे जोडून घेऊन नाना त्याला शेवटचं पळवणार होते, आणि नंतर तो गोठ्यातच राहणार होता. सकाळची पहिली बारी म्हणजे ऊन नाही, माती दबलेली, घाट कोरा. दिवस चढला की तीच माती पिठासारखी होते आणि म्हाताऱ्या बैलाचा पाय रुततो. काल देवळातून येताना नाना वाटेत थांबले होते आणि अंधाराकडं बघत म्हणाले होते, "दिली बघ त्यानं. एवढी वर्सं मी काय मागितलं न्हाई, आन् न मागता दिली."

ओट्यावर बसून नूतननं लॅपटॉप उघडला. एकशे एक टाकलं, नाना पहिले. एकवीस टाकलं, नाना पहिले. अकरा, एक्कावन्न, माणसं देवाला जे जे आकडे देतात ते सगळे टाकून पाहिले. नाना, नाना, नाना. पडद्यावरचं ते नाव तिला बघवेना. मग तिनं जे करायचं ते केलं. आवृत्ती मागं घेतली आणि तिच्या जागी चार ओळी लिहिल्या : चूक माझी आहे, लहान बीज घेतलं असेल त्यांनी निकाल टाकून द्यावेत, कळवणाऱ्याचे आभार. लिहायला काहीच जड गेलं नाही. साऱ्या जगाला, ज्याचं तोंड कधी बघणार नाही अशा माणसांना, तिनं एका दमात सांगून टाकलं. अंगणापलीकडच्या एका माणसाला सांगायचं म्हटलं तर पाय उचलेना. आणि का सांगायचं? बाकीच्या बाऱ्या तर रीतसर निघाल्या होत्या. पहिली कुणाला तरी जाणारच होती, ती एका म्हाताऱ्याला गेली तर कुणाचं काय जळलं? गावात काळं कुत्रंसुद्धा विचारणार नाही की बीज कसं ढवळलं. दुपारपर्यंत सगळं संपेल, नाना सुखानं झोपतील, आणि ती उद्या पुण्याला जाईल. लिफ्टनं वर जाईल, दार लावून घेईल. आणि मग पुढच्या वेळी फोनवर नाना म्हणतील, देवानं दिली व्हती, आणि ती हं म्हणेल. त्याच्या पुढच्या वेळीही हं म्हणेल. लहानपणी नाना तिला खांद्यावर घेऊन घाटात जायचे. जरा मोठी झाल्यावर एके वर्षी त्यांनी तिला खांद्यावरून उतरवून बायकांच्या बाजूला उभं केलं आणि मागं न बघता निघून गेले. तेव्हापासून त्या माणसानं आपल्याकडं वळून बघावं म्हणून काय काय केलं आपण. शिकलो, नोकरी केली, आकडे बनवले. आणि काल तो वळला, तो अशा खोट्या कारणासाठी. चहावर साय धरली होती. ती उठली आणि गोठ्यात गेली.

नाना चिमण्याच्या शिंगांना तेल लावत होते. तिला बघून हसले. "ये, ये. हात लाव त्याला. आज लई खुशीत हाये गडी."

"नाना, कालचं चुकलं," ती म्हणाली. "माझ्या हातून चुकलं. लहान आकडा घातला की ते पहिलं नाव हलवतच नाही. तुमचं नाव आधी भरलं होतं म्हणून तुम्ही पहिले आलात. दुसऱ्या कुणाचं भरलं असतं तर तो आला असता."

नानांचा हात शिंगावर तसाच राहिला. "म्हंजी?"

"म्हणजे ती बारी निघालीच नाही. तिथं होती ती तिथंच राहिली."

बैलानं मान झटकली तसं तेल त्यांच्या सदऱ्यावर उडालं, तिकडं त्यांचं लक्ष गेलं नाही. "मंग देवानं न्हाई दिली," ते म्हणाले. विचारलं नाही, म्हणाले.

"नाही."

"तुजी ती बाकीची मानसं, त्यांना ठावं हाये?"

"त्यांना सांगितलं. मागं घेतलं मी सगळं."

"आन् मला सांगाया एवढा येळ?" एवढंच बोलून त्यांनी कोपऱ्यातलं फडकं घेऊन हात पुसले, टोपी घातली आणि चालायला लागले. ती मागं धावली.

घाटात दादाभाऊ पांढऱ्या कपड्यांत इकडून तिकडं पळत होता. नानांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं तेव्हा त्याचं तोंड पडलं. त्यानं नूतनकडं असं बघितलं, की हिला आत्ताच बरी आठवण झाली. मग नानांचा हात धरून हळू आवाजात म्हणाला, "नाना, ऱ्हाऊ द्या की. मानसं जमल्यात. आत्ता हे काढलं तर मागल्या साली झालं त्याच्या वर व्हईल. आन् कुनाला कळतंय?"

"हिला कळतंय," नाना म्हणाले.

दादाभाऊनं त्यांचा हात सोडला. नाना म्हणाले, "मला शेवटची बारी दे. बाकीचे एकेक पुढं सरकव. का म्हनून इचारलं तर धाड माझ्याकडं." पण नूतननं ऐकलं नाही. ती मंडपातल्या मंचावर चढली आणि पुकारणाऱ्याच्या हातातून माईक घेतला. तिच्या स्वतःच्या कानाला तिचा आवाज परका वाटला. काल पहिलं नाव चुकीनं आलं, चूक माझी आहे, गाडामालकांची नाही, असं ती म्हणाली. तिला कुठंतरी आतून वाटत होतं की लोक ऐकून घेतील, निदान एखादा तरी मान डोलावेल. तिच्या त्या जगात डोलावतात. इथं बांधावरून कुणीतरी ओरडलं, "म्हंजी काल बापाला पुढं घातलाच व्हता की!" आणि पाठोपाठ दुसरा, "कंप्युटर कशाचा, घरचा कारभार हाय!" हसले लोक. नाना खाली उभे होते. त्यांनी मान खाली घातली नाही, वरही केली नाही. चिमण्याला आणायला घराकडं वळले.

दिवसभर चिमण्या बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत उभा होता आणि ऊन त्याच्यावर सरकत होतं. नानांनी त्याला पाणी दाखवलं, फडक्यानं पाठ पुसली, पण माणसांशी ते बोलले नाहीत, नूतनशीही नाही. ती तिथंच दगडावर बसून राहिली, बायकांच्या बाजूला गेली नाही, आणि कुणी जा म्हणालंही नाही. शेवटची बारी पुकारली तेव्हा अर्धी माणसं पांगली होती, भेळेच्या गाड्यांभोवती गर्दी होती. घाटाची माती नुसती उधळत होती. झेंडा पडला, गाडा सुटला, आणि निम्म्या चढावर चिमण्याचा पाय रुतला. पडला नाही तो. पण बाकीचे तिघं त्याला ओढत नेत होते हे लहान पोरालाही दिसलं असतं. निशाणापाशी तो पोचला तेव्हा पुकारणाऱ्यानं वेळ सांगितली की नाही, कुणी ऐकली की नाही, कोण जाणे. नूतनला एवढंच दिसलं की नाना धावत वर गेले, या गुडघ्यांनी धावत गेले, आणि बैलाचं तोंड त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरलं.

परतताना ती दोघं कालव्याच्या कडेनं चालत होती, मधे बैल. येडगावच्या धरणातून सोडलेलं पाणी संथ वाहत होतं. आता हे आपल्याला काहीतरी बोलतील, असं तिला वाटत होतं. बोलावंच, शिवी तरी द्यावी. देवळाचा फाटा आला. दर साली बारी झाली की नाना आधी देवळात जायचे. ते फाट्यावर थांबले, बैलही थांबला. कळसावरचा दिवा लागलेला दिसत होता. नाना तिकडं बघत राहिले, आणि मग घराच्याच वाटेला लागले.

"नाना," तिला राहवेना, "माझ्यामुळं गेली तुमची बारी."

"बारीचं काय न्हाई गं." थोडं चालून गेल्यावर ते थांबले, आणि तिच्याकडं वळून बघितलं, नीट, तोंडाकडं. इतक्या वर्षांत असं बघितलं नव्हतं. "मी येगळाच इचार करतोय. ही बारी चुकून आली, ते तुला उमगलं. तुजं ते शिक्षान हाये. मंग आजवर मला जे गावलं, तुजी आय, ह्यो बैल, लई वर्सांनी झालेली तू... मी समदं त्याच्या नावावर घातलं. ते बी असंच चुकून आल्यालं आसंल का?"

आयुष्यात कुणी तिला तिच्या कामातला प्रश्न इतका सरळ विचारला नव्हता. तिला खोटं बोलता आलं असतं. तिच्या अगदी जिभेवर आलं होतं, की नाही हो नाना, ते वेगळं, ते त्यानंच दिलं. पण सकाळी अंगण ओलांडून आल्यावर आता मागं कुठं जायचं.

"सांगता येत नाही, नाना," ती म्हणाली. "पुन्हा पुन्हा करून बघितलं तरच कळतं, कुणी ढकललं का आपसूक आलं. एकदाच झालेल्यावरून कुणालाच सांगता येत नाही."

नानांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवला. त्याचं अंग अजून गरम होतं, अजून थरथरत होतं.

"एकदाच," ते म्हणाले. "मला तर पोरी, समदं एकदाच मिळालंय."